कडेपर्यंत उजेड : एका छोट्या फ्लॅशची घडण

(गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. प्रात्यक्षिकाच्या वेळची बोलणी कमी केली आहेत.)



आजचे ठरलेले वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत. सचिव मला म्हणाले, "तुम्ही तो फ्लॅश बनवलाय ना, त्यावरच बोला अर्धा तास." तेव्हा याला व्याख्यान म्हणू नका, कामाचा अहवाल म्हणा. सरकारी नोकरीतल्या माणसाला तेवढंच जमतं.

आपल्या जिन्याच्या भिंतीवर मंडळाचे समूहफोटो ओळीने लावलेले आहेत. येताजाता आपण सगळेच ते बघतो. त्यात एक गंमत आहे, ती मला फार उशिरा दिसली. जुने काळेपांढरे फोटो सुरेख आहेत. शेवटच्या रांगेतल्या माणसाची टोपीसुद्धा ओळखू येते. कारण ते सकाळी अंगणात, उन्हात काढलेले आहेत. पुढे उत्सव सभागृहात आला, फोटो महाप्रसादानंतर संध्याकाळी निघू लागला, रंगीत झाला आणि दोन्ही टोकं काळी पडली. मधले पदाधिकारी चुन्यासारखे पांढरे, आणि कडेची दोन-दोन माणसं दोन्ही बाजूंना सावलीत गेलेली.

कडेला कोण असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. जे उशिरा येतात ते. आणि आपल्याकडे उशिरा येतात ती स्वयंपाकघरातली माणसं. मोठी पातेली उतरवून, हात धुऊन, पदराला पुसत येईपर्यंत मधल्या जागा भरलेल्या असतात. माझी मोठी काकू अशीच दर वर्षी उजव्या टोकाला उभी असायची. ती गेली, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसलो. एकत्र कुटुंबात स्वतःचा एकटीचा फोटो काढून घेणारी बाई ती नव्हे. मंडळाचे अकरा वर्षांचे फोटो काढले. अकराही फोटोंत ती आहे, आणि एकातही तिचा चेहरा नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तो कसा असतो, ते मी सांगायला नको.

तर हा फ्लॅश करायला घेण्याचं कारण हे. आता तो काळोख येतो कुठून, ते बघू.

मागचे दिवे जरा बंद करा. हा साधा टॉर्च आहे, पुढचं टोक फिरवलं की झोत मोठा-लहान होणारा. भिंतीवर बघा. आता मोठं वर्तुळ, पण फिकं. आता लहान वर्तुळ, पण लख्ख. सेल तेच, दिवा तोच. उजेड वाढलेला नाही, फक्त तेवढाच उजेड कमी जागेत पडतोय. धन्यवाद, दिवे लावा.

कॅमेऱ्याची लेन्स किती रुंद बघते याला त्रैराशिक पुरतं. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. लेन्स २४ मिलिमीटरची असेल आणि माणसं चार मीटरवर असतील, तर ३६ भागिले २४ गुणिले ४, म्हणजे सहा मीटर रुंद जागा फोटोत येते. लेन्स ३५ची असेल तर साधारण ४.१ मीटर. ५०ची असेल तर २.९. (ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यांनी १६ मिलिमीटरची लेन्स ही २४च्या जागी समजावी.)

पूर्वीचे पुष्कळ छोटे फ्लॅश ३५ मिलिमीटरच्या लेन्सच्या हिशोबाने केलेले असत. आपल्या मंडळाचा फ्लॅशही तसाच होता. पुढे कोणीतरी हौसेने रुंद लेन्स आणली, सगळे एका फोटोत मावू लागले, सगळ्यांना आनंद झाला. लेन्स सहा मीटर बघते, फ्लॅश चार मीटरच उजळतो. उरले दोन मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम एक मीटर. खांद्याला खांदा लावून उभी असलेली दोन माणसं. जिन्यातल्या फोटोत मोजून बघा, दोनच निघतील.

फ्लॅशचं अंतरंग थोडक्यात सांगतो. चार पेन्सिल सेल, त्यांचे पाच-सहा व्होल्ट. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर ते चढवून तीनशेच्या वर नेतो. चालू केल्यावर बारीक शिटीसारखा आवाज येतो तो याचाच. तो दाब एका कपॅसिटरमध्ये साठतो. पुढे काचेची नळी असते, आत झेनॉन वायू. नुसत्या तीनशे व्होल्टांनी तो पेटत नाही. कॅमेऱ्याचा खटका दाबला की एक चिमुकली कॉइल नळीच्या बाहेरून काही हजार व्होल्टांचा फटका देते, वायूत वाट तयार होते आणि साठवलेलं सगळं एका दमात त्या वाटेने जातं. माझ्या फ्लॅशमधला कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा, ३३० व्होल्टांवर भरलेला. हिशोब केला तर सुमारे २५ ज्यूल होतात. दहा वॅटचा एलईडी बल्ब अडीच सेकंदांत एवढी वीज खातो. फ्लॅश ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उधळतो, म्हणून डोळे दिपतात. मोबाईलमधला फ्लॅश म्हणजे खरा फ्लॅश नव्हे, एलईडीच आहे. दोन-तीन मीटरच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात या विजेच्या लखलखाटाला कामाला लावलं. त्याआधी मॅग्नेशियमची भुकटी, मग काचेचे फ्लॅशबल्ब. बल्ब एकदा उडाला की संपला. आपल्या बडोद्यात अखेरपर्यंत राहिलेल्या होमाई व्यारावाला या त्या पिढीच्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११मध्ये पद्मविभूषण. त्यांचे फोटो बघताना मी आता विचार करतो की बल्बच्या काळात दुसरी संधी नसायची. मला एका समूहफोटोला पाच वेळा फ्लॅश उडवता येतो, तरी कोणीतरी डोळे मिटतंच.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला दोन कामं असतात. समूहफोटोला रुंद उजेड हवा. आणि मुलांच्या नाटुकल्यासाठी, आपण मागच्या खुर्च्यांवरून फोटो काढतो तेव्हा, लांब पोचणारा अरुंद उजेड हवा. एकच फ्लॅश दोन्ही कसा करील?

याचं उत्तर बाजारात पन्नास वर्षांपूर्वीच आलेलं आहे. १९७०च्या दशकातल्या व्हिविटार २८५ या फ्लॅशचं तोंड हाताने मागेपुढे सरकायचं. आताच्या फ्लॅशमध्ये हे काम छोटी मोटर करते. कॅमेऱ्याची लेन्स फिरवली की फ्लॅशमधून 'झुर्र' असा आवाज येतो, ती ही मोटर. तत्त्व तेच. नळी आणि तिच्या मागचा चकचकीत पत्रा एकत्र सरकतात, पुढचं भिंग जागेवर असतं. नळी भिंगाला चिकटली की उजेड पसरतो. ती मागे भिंगाच्या केंद्रांतरापर्यंत गेली की झोत आवळतो.

भिंगही साधं नसतं. जाड काचेचं घेतलं तर फ्लॅशचं डोकं खाली पडेल. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलने दीपगृहांसाठी एक युक्ती काढली. भिंगाची नुसती वाकणदार पाठ ठेवायची, आतली जाडी काढून टाकायची आणि ती पाठ कड्याकड्यांनी सपाट मांडायची. १८२३मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते बसलं. तेलाची एक ज्योत, आणि ती लांबवरच्या जहाजाला दिसायला हवी. आमचाच प्रश्न होता त्याचा. पंचांग वाचायला घरात जी पातळ प्लॅस्टिकची भिंगपट्टी असते, तीही फ्रेनेलच. तिच्यावर बोट फिरवा, कडी हाताला लागतात.

माझा पहिला प्रयोग त्या पट्टीवरच झाला. वडिलांची पट्टी कापली. त्याबद्दल घरात काय झालं ते सांगत नाही. पण तिचं केंद्रांतर वीतभर. म्हणजे फ्लॅशला वीतभर लांब सोंड लावावी लागली. झोत झकास अरुंद झाला, पण खिशात मावणारा फ्लॅश करायचा हा बेतच बुडाला. शिवाय तो सांगाडा मी एका दुपारी गच्चीत विसरलो. भिंग दोन्ही बाजूंनी सारखंच काम करतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. उन्हाने आतलं प्लॅस्टिक वितळवून नळीवर ओघळवलेलं होतं.

मग जुन्या बाजारातून बंद पडलेले दोन फ्लॅश आणले. एकाची नळी आणि पत्रा चांगला होता, दुसऱ्याचं भिंग. या भिंगाचं केंद्रांतर ४० मिलिमीटर. नळी एका छोट्या घसरगाडीवर बसवली, खणासारखी सरकणारी, बाजूला एक गुंडी. पहिल्यांदा मी तिला फक्त आठ मिलिमीटर जागा दिली. भिंतीवर फोटो काढून बघितले तर रुंद आणि अरुंद यांत फरक शोधावा लागत होता. मग खोका लांबवला आणि नळीला २८ मिलिमीटर सरकू दिलं. रुंदला ती भिंगापासून १२ मिलिमीटरवर, अरुंदला ४०वर. बारापेक्षा जवळ नेली नाही, कारण भराभर फ्लॅश उडवले की नळी तापते आणि भिंग प्लॅस्टिकचं आहे.

मोजमापासाठी पांढरी चादर आणि कॅमेरा एवढंच वापरलं. कोपऱ्यात मध्याच्या निम्म्यापेक्षा कमी उजेड चालणार नाही, हा निकष धरला. त्या निकषाने रुंद खाच २४च्या लेन्सला पुरते, मधली ५०ला, अरुंद ८५ला. जोर सांगायचा तर त्यासाठी 'गाइड नंबर' असतो. अंतर मीटरमध्ये आणि अ‍ॅपर्चरचा आकडा यांचा गुणाकार. माझा आयएसओ १००ला रुंदला १४ येतो, अरुंदला २२.

इथे माझ्यातला डिप्लोमावाला अडला. २४च्या चौकटीचं क्षेत्रफळ ८५च्या चौकटीच्या साडेबारा पट आहे. सगळा उजेड तेवढ्या लहान चौकटीत आला, तर तो साडेबारा पट व्हायला हवा. गाइड नंबर मात्र १४चा २२ झाला, म्हणजे उजेड जेमतेम अडीच पट. बाकीचा गेला कुठे? मला वाटलं माझंच काम गबाळं. म्हणून नामांकित फ्लॅशचे आकडे बघितले. कॅननचा ५८० ईएक्स २४ला २८ देतो आणि १०५ला ५८, नावातले ५८ तेच. क्षेत्रफळाचा फरक १९ पट आणि उजेड वाढतो सव्वाचार पट. म्हणजे त्यांनाही ते पूर्ण जमलेलं नाही. तेव्हा जरा धीर आला.

कारण असं. नळी हा बिंदू नाही. माझ्या नळीचा पेटणारा भाग २५ मिलिमीटर लांब आहे आणि भिंग ४०वर. पुन्हा तेच त्रैराशिक, २५ भागिले ४० गुणिले ४. चार मीटरवर आडवा झोत अडीच मीटरच्या खाली येऊच शकत नाही, भिंग कितीही चांगलं असो. ८५ची लेन्स मात्र १.७ मीटरच बघते. उरलेला उजेड चौकटीबाहेर भिंतीवर. उभ्या दिशेला नळी जेमतेम चार मिलिमीटर जाड, त्यामुळे त्या बाजूने झोत छान आवळता येतो. म्हणून छोट्या फ्लॅशचा झोत चटईसारखा असतो, आडवा लांब, उभा कमी. आडवाही आवळायचा तर भिंग लांब न्या, मग खोका मोठा. नळी आखूड घ्या, मग ती २५ ज्यूल सोसणार नाही. लहान खोका आणि अरुंद झोत ही दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. 'पामटॉप साइझ, सुपर झूम' असं डब्यावर छापलेलं दिसलं, तर दुकानदाराला गाइड नंबर कोणत्या खाचेवरचा ते विचारावं. मोठा आकडा नेहमी अरुंद खाचेचा छापतात, आणि आपण फोटो काढतो रुंद खाचेवर.

मी निवड केली ती अशी. अरुंदला थोडा कमी पडला तरी चालेल, रुंदला कोपरे भरले पाहिजेत. मागच्या खुर्च्या स्टेजपासून अकरा मीटरवर. आयएसओ ४००ला गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणजे ४४. भागिले ११, अ‍ॅपर्चर ४. नाटुकल्याला ते पुरतं. मूर्तीवर मात्र अरुंद खाच वापरू नका. मुकुटाचा सोनेरी रंग चकाकतो आणि मागची आरास काळी पडते. मूर्तीला रुंद खाच, आणि फ्लॅश जरा बाजूने.

समूहफोटोला दुसरीही एक भानगड आहे, ती फ्लॅशने सुटत नाही. मधला माणूस चार मीटरवर. कडेचा माणूस मधल्यापासून तीन मीटर बाजूला. मग तो फ्लॅशपासून किती? मुलांनो, शाळेतलं तीन-चार-पाच आठवा. पाच मीटर. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, सोळा भागिले पंचवीस, म्हणजे मधल्याच्या ६४ टक्केच. यावर उपाय फुकट आहे. रांग सरळ न धरता चंद्रकोरीसारखी वाकवायची, टोकं फोटोग्राफरकडे. सगळे जवळजवळ सारख्या अंतरावर येतात.

आता तरुण मंडळींसाठी, कारण माझ्यानंतर दोघा-तिघांनी जुने फ्लॅश उघडायचं ठरवलंय असं ऐकतो. सेल काढले म्हणजे वीज गेली असं समजू नका. कपॅसिटर कितीतरी वेळ भरलेला राहतो आणि तीनशे व्होल्ट गमतीचे नाहीत. मला एकदा बसला आहे. हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि पेचकस पलीकडच्या भिंतीला जाऊन लागला. पेचकसाने शॉर्ट करून रिकामा करायची धाडसी पद्धत आहे, ती करू नये. ठिणगी डोळ्यात उडते. पंधरा वॅटचा जुना पिवळा बल्ब, दोन नीट झाकलेल्या तारा, त्यातून रिकामा करायचा आणि मग मीटर लावून बघायचं. एक हात पाठीमागे. शाळकरी मुलांनी मोठ्या माणसाशिवाय उघडूच नये.

आणखी एक. काही जुन्या फ्लॅशच्या बुडाशी दोनशे व्होल्टांहून जास्त दाब असतो. पूर्वीच्या यांत्रिक कॅमेऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यावर तो बसवला तर कॅमेरा जळू शकतो. बुडाचा दाब मीटरने मोजल्याशिवाय वडिलोपार्जित फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावू नका. माझ्या फ्लॅशमध्ये मी मध्ये एक छोटं सर्किट घालून तो पाच व्होल्टांवर आणला आहे.

प्रश्न कोणी विचारण्याआधीच एकाचं उत्तर देतो. बाजारात चांगला झूम फ्लॅश मिळतो, मग हा खटाटोप का? मिळतो, आणि मंडळाकडे पैसे असतील तर अवश्य घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त घेतल्यावर तो २४वर आहे ना, एवढं बघा. मोटर असलेले फ्लॅशसुद्धा कोणाचं तरी बोट लागून ५०वर अडकलेले मी पाहिले आहेत, आणि फोटो काढणाऱ्याला घरी जाईपर्यंत पत्ता नसतो.

उद्या महाप्रसादानंतर साडेतीनला समूहफोटो आहे. खुर्च्या मी सकाळीच चंद्रकोरीत मांडून ठेवणार आहे, कृपया त्या सरळ करू नका. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. मधल्या सहा खुर्च्यांवर चिठ्ठ्या असतील, त्या स्वयंपाकघरातल्या मंडळींच्या. त्यांना यायला वीस मिनिटं लागतील, तेवढा वेळ आपण थांबू. कोणी घाई केली तर मी फ्लॅश भरत नाही म्हणून सांगेन, शिटी वाजते ना त्याची.

उत्सवानंतर फ्लॅश सचिवांच्या कपाटात राहील. सेल काढून वेगळ्या पाकिटात ठेवायचे, नाहीतर ते गळून आतले पत्ते खातात. आणि वर्षभर तसाच पडू देऊ नका. दर दोन महिन्यांनी सेल घालून चार-सहा वेळा उडवायचा, नाहीतर कपॅसिटर सुस्तावतो. कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते मला अजून कळलेलं नाही, तेवढं आज ठरवून टाकू.